पाहुण्यांचा कोळसा

मिलर्स गॅपच्या रेल्वे कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसच्या लोखंडी कपाटात, कातडी बांधणीची एक जाडजूड वही होती. ऐंशी वर्षांत कंपनीने इंजिनांचे जेवढे वर्ग बांधले, त्या प्रत्येकाला तिच्यात एक पान होतं. वर वर्गाचं नाव, मग मापं, आणि तळाला एक ओळ. तो वर्ग रुळांवरून कायमचा उतरला की, ज्याने तो आखला त्याने स्वतःच्या हाताने ती लिहायची: हा वर्ग कुठे कमी पडला. कौतुकाला त्या पानावर जागा नव्हती. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हे माणसांपुरतं ठीक आहे, इंजिनांच्या बाबतीत तो सरळ गाढवपणा आहे, असं जुन्या लोकांचं मत होतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

सी वर्गाच्या पानावर लिहिलं होतं, भट्टी दोन चाकांच्या मध्ये दबली, पुरेसा कोळसा मावत नाही. म्हणून एफ वर्गाची भट्टी चाकांच्या वर चढवून ऐसपैस केली. एफच्या पानावर लिहिलं गेलं, भट्टी एवढी मोठी झाली की एका माणसाचे हात पुरत नाहीत, दोन फायरमन कोळसा घालून घालून अंथरुणाला खिळले. म्हणून एच वर्गात कोळसा ढकलणारा लोखंडी स्क्रू आला. मग के वर्गाने एकाच बॉयलरखाली चाकांचे दोन संच जोडले, ताकद दुप्पट झाली. आणि केच्या पानावर म्हाताऱ्या लेवेलिनसाहेबाने आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: स्क्रू कोळशाचा भुगा करतो, हवेचा झोत इतका जोराचा की तिसरा हिस्सा न जळताच धुराड्यातून उडतो, गावातल्या बायका तो वाळत घातलेल्या चादरींवरून झटकतात.

त्या एका ओळीतून ओंद्रेय क्मेतचा एम वर्ग जन्माला आला.

ओंद्रेय बॉयलर ठोकणाऱ्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी नकाशे गिरवायला लागला, संध्याकाळच्या शाळेत गणित शिकला, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, कॉलेजचं तोंड न बघता, एका अख्ख्या वर्गाचा बाप झाला. एमसाठी त्याने नऊ वर्षं घातली. या डोंगरातला चांगला कोळसा पोलादाच्या गिरण्या उचलून न्यायच्या, कंपनीच्या पदरात भुगा आणि दगड पडायचे. ओंद्रेयने भट्टीच्या तळाची जाळी बारीक भोकांची केली, झोत मऊ केला, ज्वाळेला लांबवर जळायला जागा दिली. भुगा अलगद तरंगत जळायचा, एक कण वाया जायचा नाही. मिळेल ते खाऊन डोंगर चढणारं इंजिन होतं ते. अशी तीन बांधली.

तोवर फिलाडेल्फियातल्या मुख्य कचेरीला डिझेलचे डोहाळे लागले होते. कारखान्याने फार हातापाया पडल्यावर साहेब लोक एवढ्याला कबूल झाले: सप्टेंबरात तीन फेऱ्या करा. तीच गाडी, तोच घाट, एकदा एम, एकदा डिझेल. तिन्ही फेऱ्यांत एम सरस ठरलं तर आणखी चाळीस इथेच बांधू. नाही ठरलं तर इंजिनं बांधायची मोठी शेड, जिला गावात मोठी शाळा म्हणत, ती बंद. त्या शाळेत तीन हजार माणसं होती, म्हणजे जवळजवळ गावच.

पहिल्या फेरीत एमने डिझेलला मागे टाकलं. दुसऱ्या फेरीत आणखी मागे टाकलं. रविवारी चर्चमध्ये फादरनी एमचं नाव घेतलं नाही, पण चिकाटीवर प्रवचन दिलं, आणि सगळ्यांनी मागे वळून ओंद्रेयकडे बघितलं. त्याचे कान तापले. तिसरी फेरी गुरुवारी होती, आणि तिला फिलाडेल्फियाचे साहेब स्वतःचा डबा जोडून येणार होते.

*

ओंद्रेयचा सासरा श्तेफान हुडाक हा कोळशाच्या मनोऱ्याचा मुकादम. मनोऱ्याच्या पोटात नऊ कप्पे होते, खाली इंजिन उभं राहायचं, वरून कोळसा पडायचा. एक्केचाळीस वर्षं म्हाताऱ्याने हेच केलं होतं. शेवटचा, नऊ नंबरचा कप्पा कागदावर रिकामा असायचा. प्रत्यक्षात त्यात खाणीच्या थोरल्या थरातला उत्तम कोळसा असायचा, काळा कुळकुळीत, आरशासारखा. गिरणीकडे जाणाऱ्या वाघिणींतून तो कसा गळायचा हे विचारायचं नाही अशी पद्धत होती. त्याला पाहुण्यांचा कोळसा म्हणत. कंपनीच्या अध्यक्षाची गाडी असली की तो घालायचा. एखाद्या ड्रायव्हरची नोकरीतली शेवटची फेरी असली की घालायचा. लढाईतून पोरांच्या शवपेट्या घेऊन गाडी आली तेव्हा म्हाताऱ्याने कुणाला न विचारता तोच घातला होता आणि टोपी काढून उभा राहिला होता. मनोऱ्याच्या लोकांना दुसरं काही देता येत नसे. द्यायचा मान ते असा देत.

जेवणाच्या टेबलावर ओंद्रेय कित्येकदा म्हणाला होता, "बाबा, माझं इंजिन कचरा खातं." अभिमानाने म्हणाला होता. म्हातारा त्यावर पिरोही, त्यांच्या देशाकडच्या उकडलेल्या करंज्या, चावत गप्प बसायचा. का गप्प बसतो हे ओंद्रेयने कधी विचारलं नाही, आणि जाळीची भोकं बारीक का ठेवली हेही कधी समजावून सांगितलं नाही. घरात कोण जाळीबद्दल बोलतं?

*

गुरुवारी सकाळी आकाश स्वच्छ होतं. साहेबांचा डबा गाडीच्या शेपटाला लागला. इंजिनावर ड्रायव्हर, फायरमन रे डोरन, कचेरीचा चष्मेवाला निरीक्षक आणि कोपऱ्यात ओंद्रेय. वाफेचा दाब तीनशेवर, काटा हलत नव्हता.

"आज साहेबांच्या चहात आपल्या धुराची काजळी पडू द्यायची नाही," डोरन म्हणाला.

"काजळी पडली तर ते के वर्गाचं इंजिन समज," ओंद्रेय म्हणाला. ड्रायव्हर हसला.

पहिले दहा मैल सपाटीचे, ते छान गेले. घाट सुरू झाला तसं डोरनने स्क्रूचा वेग वाढवला. काटा दोनशे नव्वदवर आला. तेवढं चालतं. मग दोनशे सत्तर. ओंद्रेयने खिडकीची चौकट घट्ट धरली. धुराड्यातून निघणारा धूर पिवळट आणि दाट होता. एमचा धूर असा नसे.

"कोळसा घालतोय, पण घेत नाहीये," डोरन म्हणाला. त्याने भट्टीचं दार उघडलं आणि हाताचा आडोसा करून आत बघितलं. "ओंद्रेय, इकडे ये. एकच लादी झालीय रे."

ओंद्रेयने वाकून बघितलं. आत भुगा तरंगत जळायला हवा होता. तिथे कोळसा वितळून, फुगून, एकमेकांना चिकटून जाळीभर पसरला होता, भाजलेल्या जाड भाकरीसारखा, आणि खालच्या बारीक भोकांवर वितळलेल्या राखेचा खंगर बसून ती बुजली होती. खालून हवा येत नव्हती. डोरनने लांब सळई घेऊन लादी फोडायचा प्रयत्न केला. सळईचं टोक लाल होऊन वाकलं. तो घामाने निथळत होता आणि शिव्या देत होता, इंजिनाला नव्हे, स्वतःला.

दोनशे तीस. दोनशे. शिखर दोन मैलांवर असताना गाडी आधी रांगायला लागली आणि मग थांबली. मागे साहेबांच्या डब्यातून कुणीतरी खिडकी उघडल्याचा आवाज आला, इतकं सगळं शांत झालं होतं.

ओंद्रेय इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात चढला. वरच्या थराला नेहमीचा मळकट भुगा पसरला होता, दोन बोटं जाड. त्याने तो पायाने बाजूला केला. खाली सगळा लखलखीत माल होता. एक ढेकूळ त्याने उचललं. हा कोळसा ओळखायला या गावात कुणाला शिकावं लागत नाही. लहानपणी बाप अशी ढेकळं कोटाच्या अस्तरात घालून घरी आणायचा आणि नाताळच्या आदल्या दिवशी चुलीत घालायचा. घरच्या चुलीत तो राजासारखा जळतो. जुन्या इंजिनांत, मोठ्या भोकांच्या जाळीवर, जोराच्या झोतात, फायरमन सळईने उकरत राहिला की तिथेही जळतो. फक्त एका जाळीवर तो जळत नाही, आणि ती जाळी ओंद्रेयने स्वतः आखली होती.

"काही सापडलं?" खालून निरीक्षकाने विचारलं.

"नाही," ओंद्रेय म्हणाला, आणि ढेकूळ कोटाच्या खिशात टाकलं. का, ते त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

गाडी वर ढकलायला डिझेल मागवलं गेलं. ते चाळीस मिनिटांत आलं, गुरगुरत, धुराचा पत्ता नाही, आणि मागून टेकून त्याने एमला, गाडीला आणि साहेबांना शिखरापर्यंत नेलं. वाटेतल्या फाटकावर दोन बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीने तोंडावर पदरासारखा रुमाल धरला होता आणि ती रडत होती. तिचा नवरा मोठ्या शाळेत होता.

*

संध्याकाळी ओंद्रेयची बायको वेरोना कोट झटकायला गेली आणि तिच्या हाताला ढेकूळ लागलं. ती मुकादमाची मुलगी. तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं, वळवलं, आणि नवऱ्याकडे बघितलं. तो बूट काढत होता. सकाळी खिसा रिकामा होता आणि स्वयंपाकघरातली चूल फार दिवसांनी इतकी झकास पेटली होती.

रविवारी चर्चनंतर ते नेहमीसारखे म्हाताऱ्याकडे जेवायला गेले. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणि मांस होतं, म्हाताऱ्याने स्वतः केलेलं, बायको गेल्यापासून तोच करायचा. वेरोना भांडी घेऊन आत गेली तसा तो खुर्ची ओढून ओंद्रेयजवळ सरकला.

"ओंद्रेय, एक सांगतो. बाहेर बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"मी तुला नऊ नंबरातला दिला. आदल्या दिवशी दुपारी, पोरांना चहाला पाठवून. पूर्ण अठरा टन, एवढा तर मी अध्यक्षालाही कधी दिला नाही. आणि वरून भुगा पसरला, त्या चष्मेवाल्यासाठी." म्हाताऱ्याचे डोळे चकाकत होते, मग विझले. "म्हटलं, पहिल्या दोन फेऱ्या ठीक. पण एवढी मोठी माणसं येणार आणि माझ्या जावयाचं इंजिन त्यांच्यासमोर कचरा खाणार? आपण काय भिकारी आहोत?"

ओंद्रेयच्या समोर ताट होतं. त्याने काटा ताटात ठेवला, पुन्हा उचलला. सगळं ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. बाबा, तुम्ही मारलंत. तुमच्या हाताने मारलंत. त्याला म्हाताऱ्याची कॉलर धरावीशी वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच कॉलरवरचा नीट न निघालेला सुपाचा डाग दिसला.

"मग झालं काय रे इंजिनाला?" म्हाताऱ्याने विचारलं. "इतका चांगला माल घातला होता."

"बघतोय अजून, बाबा."

"बघ. सापडेल तुला. तू हुशार आहेस."

*

सोमवारी लेवेलिनसाहेबाने त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. साहेब वेल्सकडचा, सत्तरीला टेकलेला. एच आणि के दोन्ही वर्ग त्याचे.

"डोरनने मला लादीचं सांगितलं," तो म्हणाला. "नेहमीच्या भुग्याची लादी होत नाही. कोळसा बदलला होता ना?"

ओंद्रेय खिडकीबाहेर बघू लागला.

"तुला माहीत आहे आणि तू सांगत नाहीयेस. म्हणजे कुणी बदलला तेही मला कळलं. मनोऱ्यावर तुझं नातं आहे एकाशी."

"साहेब, कोळसा बदलला होता असं लिहिलं तर फेरी रद्द होईल. पुन्हा घ्यावी लागेल. खऱ्या कोळशावर एम पुन्हा जिंकेल. तीन हजार माणसं आहेत." तो थांबला. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात हाच तराजू होता. एका पारड्यात गाव, दुसऱ्यात म्हातारा. "मी लिहीन. बाबांना मी समजावीन."

लेवेलिनने खण उघडून एक कागद त्याच्यापुढे सरकवला. फिलाडेल्फियाच्या एका पत्राची नक्कल होती. दोनशे डिझेल इंजिनांची मागणी, सही-शिक्क्यानिशी. तारीख नऊ जुलैची.

ओंद्रेयने तारीख दोनदा वाचली. चाचण्या सप्टेंबरात झाल्या होत्या.

"मला शनिवारी मिळाला," साहेब म्हणाला. "फेऱ्या आपलं तोंड बंद ठेवायला होत्या. आपण तिन्ही जिंकलो असतो तर त्यांना फार तर जरा लाज वाटली असती, आणि लाजेवर काही कारखाना चालत नाही."

"म्हणजे काहीच..."

"काहीच नाही. आता काय लिहायचं ते ठरवण्याआधी नीट ऐक. कोळसा बदलला असं लिहिलंस तर चौकशी होईल. हुडाकला काढतील. त्याला निवृत्तीला सात महिने आहेत, पेन्शन जाईल. एक्केचाळीस वर्षं. बदल्यात एमला काय मिळेल? वहीत एक स्वच्छ ओळ. दुसरं काही नाही." साहेबाने चष्मा काढून डोळे चोळले. "मी तुला लिही म्हणत नाही, लिहू नको असंही म्हणत नाही. तो वर्ग तुझा आहे."

ओंद्रेय बाहेर येऊन आपल्या उंच टेबलाशी बसला. समोर एमची मूळ आखणी टांगलेली होती, निळ्या कापडावर. नऊ वर्षं. त्यातली दोन तर फक्त जाळीची. गाव वाचणार नव्हतं, कारखाना वाचणार नव्हता. आता फक्त एवढंच त्याच्या हातात उरलं होतं की हे इंजिन चांगलं होतं, हे खरं कुठेतरी लिहिलेलं असावं. पुढे कुणी वही उघडेल, एमच्या पानावर थांबेल आणि म्हणेल, या माणसाला जमलं होतं. एवढी आशा काही जास्तीची नाही. पण तीसुद्धा सात महिन्यांवर आलेल्या म्हाताऱ्याच्या पेन्शनशी बांधलेली होती.

त्याने अहवाल लिहिला. जाळीच्या आखणीत दोष. हवा अपुरी. जबाबदारी आखणाऱ्याची.

अहवाल फिलाडेल्फियाला फार आवडला. त्यातली वाक्यं त्यांनी वर्तमानपत्राला दिली. कारखान्याच्याच माणसाने कबूल केलंय म्हटल्यावर आणखी काय हवं? पुढच्या आठवड्यात ओंद्रेय न्हाव्याकडे गेला तेव्हा खुर्च्यांवर बसलेले तिघे जण बोलता बोलता गप्प झाले. त्यातला एक, मोठ्या शाळेतला रिव्हेट मारणारा, उठून बाहेर गेला. जाताना तो एवढंच म्हणाला, "भोकं मोजायला तरी शिकायचं होतंस."

*

मोठी शाळा डिसेंबरात बंद झाली. तिन्ही एम इंजिनं फेब्रुवारीत कापली. ओंद्रेय बघायला गेला नाही, पण ड्रॉइंग ऑफिसपर्यंत गॅसच्या कटरचा आवाज येत होता, आणि तो चार दिवस चालला, कारण पत्रा चांगला जाड होता.

पाचव्या दिवशी लेवेलिनने कपाटातून वही काढून त्याच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. ओंद्रेयने ती सुरुवातीपासून चाळली. सी, एफ, एच, के. प्रत्येक ओळ खरी होती. लोकांनी स्वतःच्या हाताने स्वतःची फजिती लिहिली होती, कारण पुढच्याला त्यातून नवीन वर्ग आखायचा होता. खोट्या ओळीवर बांधलेलं इंजिन कुठेतरी घाटात माणसं मारतं.

एमच्या पानानंतर वही कोरी होती. नवीन वर्ग येणार नव्हता. या पानावर काहीही लिहिलं तरी त्यामुळे कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि सगळ्यात जास्त हेच त्याला लागलं. त्याने लिहिलं: जाळीची भोकं चुकली. तारीख घातली, सही केली, शाई वाळेपर्यंत बसून राहिला. मग वही जागेवर ठेवली. पुढे कारखान्याची कपाटं भंगारात गेली तेव्हा ती वही कुठे गेली, ते कुणाला माहीत नाही.

*

म्हातारा एप्रिलअखेर निवृत्त झाला. कंपनीने त्याला घड्याळ दिलं. पुढच्या रविवारी त्याने पिरोही केल्या, बटाट्याच्या, वर परतलेला कांदा, आणि घड्याळ टेबलावर मधोमध ठेवलं. ओंद्रेयची नोकरी तोवर गेली होती. पिट्सबर्गच्या एका कंपनीने त्याचा अर्ज परत पाठवला होता. जाळीची ती बातमी त्यांनीही वाचली होती.

जेवता जेवता म्हातारा म्हणाला, "सापडलं का रे तुला? काय चुकलं होतं इंजिनात?"

वेरोनाचा हात वाढता वाढता थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही.

"जाळीची भोकं, बाबा. माझा हिशेब चुकला."

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, आणि त्याच्याखाली थोडी सुटकाही होती, जी त्याला स्वतःला कळली नसावी. त्याने आपला काळवंडलेला पंजा ओंद्रेयच्या मनगटावर ठेवला.

"होतं असं. माणूस आहे, चुकतो. मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "मी आपला एवढंच म्हणतो, माझ्याकडून तुला काही कमी पडू दिलं नाही. कोळसा तरी चांगला होता ना?"

"हो बाबा," ओंद्रेय म्हणाला. "कोळसा फार चांगला होता."

वेरोनाने त्याच्या ताटात आणखी दोन पिरोही वाढल्या, आणि त्याने त्या खाल्ल्या.